कुठं दुखतंय, कधीपासून?

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत ती बहुतेक माणसं नागपुरातच सापडतील. आई, सासूबाई, शाळेतल्या मराठीच्या बाई, लग्नानंतर धंतोलीत ज्यांच्याकडे आम्ही भाड्यानं राहिलो त्या काकू. एक बाई मात्र फार लांब, दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात आहे. तिचं नाव छापलेलं तिला रुचणार नाही, म्हणून इथं मी तिला हाल्मोनीच म्हणते. हाल्मोनी म्हणजे आजी. तिथंही मी तिला याच शब्दानं हाक मारायचे. 'मला बरं वाटत नाहीये' हे कोरियन भाषेत नीट सांगायला तिनं मला शिकवलं. सांगायला गोष्ट एवढीच आहे. पण त्यामुळे माझ्या हाती काय काय लागलं याचा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही. ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, म्हणून जमेल तसं लिहून ठेवते.

नवऱ्यानं नागपूर विद्यापीठातून पदार्थविज्ञानात पीएच.डी. केली आणि २०१६मध्ये त्याला ग्वांगजूच्या चोननाम राष्ट्रीय विद्यापीठात पोस्टडॉकची जागा मिळाली. अमेरिका-इंग्लंडला गेलेल्यांची आपल्याकडे चर्चा होते, कोरियाला गेलेल्या मराठी संशोधकांविषयी फारसं कोणी बोलत नाही. पण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर काम केलेली मुलंमुली कित्येक वर्षांपासून तिथल्या प्रयोगशाळांमध्ये जात आहेत. आम्ही पोचलो तेव्हा विद्यापीठाच्या मागच्या फाटकाजवळ, भाजीच्या दुकानात, कुणीतरी चक्क कोल्हापुरी मराठीत आमची चौकशी केली. गणपतीला वीस-पंचवीस माणसं एका छोट्या घरात दाटीवाटीनं बसायची. या मंडळींनी आम्हाला सिमकार्डापासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं मिळवून दिलं. त्यांचंही देणं आहेच. पण ती सगळी दिवसभर प्रयोगशाळेत, नवराही तिथंच, रात्री दहा-अकरापर्यंत. घरात मी आणि आमचा चार वर्षांचा मुलगा.

मी नागपुरात प्राथमिक शाळेत शिकवत होते, ती नोकरी सोडून आले होते. कोरियन लिपी लवकर आली. राजा सेजोंगनं ती १४४३मध्ये तयार करवली आणि १४४६मध्ये जाहीर केली, ती साध्या माणसाला शिकता यावी म्हणूनच. आणि खरोखर ती तशी आहे. अक्षरांना अक्षरं लावून मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. वाचलेलं कळत मात्र काहीच नव्हतं. बोलण्यापुरता एक शब्द पक्का झाला होता, 'ख्वेनछानायो'. ठीक आहे, चालेल, काही नाही, राहू द्या, असं सगळं त्या एका शब्दात निभावतं. पिशवी हवी का? ख्वेनछानायो. लागलं का? ख्वेनछानायो. हा शब्द मला सोपा गेला, कारण आमच्या घरात तो आधीपासून होता. 'काय झालं?' विचारलं की 'काही नाही' म्हणायचं, हे मी आईकडून आणि बाबांकडून शिकूनच मोठी झाले होते.

पहिल्याच नोव्हेंबरात मुलाला ताप भरला. रात्रभर फणफणत होता. नवऱ्याचा तेव्हा प्रयोगशाळेत काही मोठा प्रयोग चालू होता, तो पहाटेच गेला होता. सकाळी मी मुलाला शालीत गुंडाळून जिना उतरत होते. आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही. तळमजल्यावर एक म्हातारी राहायची. तोवर आमचं येता-जाता मान लववण्यापलीकडे काही नव्हतं. दारात ती सोललेल्या लसणाची परडी घेऊन बसली होती. तिनं हात पुसले, उठून मुलाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "योरी नाने." ताप आहे की गं, असं. मग मला काही न विचारता तिनं आत जाऊन बूट घातले, कोट चढवला आणि माझ्या पुढे चालायला लागली.

बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टरांनी विचारलं, "ओदिगा आफुसेयो?" कुठं दुखतंय? मला प्रश्न कळला सुद्धा. आणि तोंडातून निघालं, "ख्वेनछानायो." मांडीवर तापानं लाल झालेलं लेकरू आणि मी डॉक्टरांना सांगतेय की काही नाही, ठीक आहे. माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता. हाल्मोनीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गप्प केलं आणि स्वतः सांगायला लागली. ताप, खोकला, रात्रीपासून. रात्रीपासून आहे हे तिनं कसं ओळखलं? नंतर कळलं, रात्री मुलाचं रडणं आणि आमच्या पावलांचा आवाज तिला खालपर्यंत ऐकू येत होता.

तिथं डॉक्टर औषध देत नाहीत, चिठ्ठी देतात. औषध दुकानातून घ्यायचं. २०००पासून तसा कायदाच आहे. दुकानदार बाईनं औषधाच्या पुड्या बांधून दिल्या. प्रत्येक वेळेच्या औषधाची वेगळी छोटी कागदी पुडी, आणि सगळ्या पुड्या एकमेकींना जोडलेल्या, एक लांब पट्टीच. एक पुडी फाडायची, तिच्यातली पूड गोड औषधात कालवायची, जेवणानंतर अर्ध्या तासानं द्यायची. हाल्मोनीनं घरी येऊन पहिली पुडी माझ्यादेखत कालवली. चमच्याच्या टोकानं थोडी मुलाच्या ओठाला लावली, त्यानं जीभ फिरवली, मग उरलेली दिली. संध्याकाळी ती झाकणाच्या भांड्यात पांढरा जुक घेऊन आली. जुक म्हणजे तांदूळ पार विरघळेपर्यंत शिजवलेली पेज. मीठसुद्धा जवळजवळ नाही. आजारी माणसाला मऊ भात द्यायचा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण मुलापाठोपाठ तिनं माझ्यासमोरही वाटी ठेवली तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

शिकवणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. तिनं ठरवलं असावं की या बाईला शिकवल्याशिवाय सोडायचं नाही. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, मला कोरियनचे जेमतेम दहा. पहिल्या आठवड्यात तिनं मला आजारपणाचा एकही शब्द शिकवला नाही. तिनं मला आमचा पत्ता पाठ करायला लावला. रस्त्याचं नाव, इमारतीचा आकडा, मजला. मी चुकले की ती बोटानं पुन्हा पहिल्यापासून अशी खूण करायची. मला ते समजत नव्हतं. रोज ज्या घरात राहतो त्याचा पत्ता कशाला पाठ करायचा? दोन वर्षांनी समजलं.

मग तिनं स्वतःचं अंग पुढे केलं. गुडघा दाखवून 'मुरूबी आफायो', कंबर धरून 'होरिगा आफायो', डोक्याला हात लावून 'मोरिगा आफायो'. मी देवनागरीत लिहायची, ती शेजारी आपल्या थरथरत्या अक्षरात कोरियन लिहायची. ती वही माझ्याकडे अजून आहे. कुठं दुखतंय हे झालं की 'ओनजेबुथो', कधीपासून. कालपासून, सकाळपासून, जेवल्यापासून, परवा पाऊस पडला तेव्हापासून. हे दोन्ही सांगता आल्याशिवाय ती पुढच्या पानाकडे जायची नाही.

तिसरा भाग होता कसं दुखतंय. इथं मात्र मला पहिल्यांदा आपली भाषा कामाला आली. कोरियन माणूस नुसतं दुखतंय म्हणून थांबत नाही. डोकं जिक्कुन-जिक्कुन करतं, जखम उक्सिन-उक्सिन करते, घसा त्ताक्कुम-त्ताक्कुम करतो, थंडी वाजून अंग उसुल-उसुल करतं, पोटात उल्लोंग-उल्लोंग होतं. हाल्मोनी हे शब्द चेहऱ्यानं आणि हातानं करून दाखवायची, आणि मी थक्क व्हायची, कारण माझ्याकडे प्रत्येकाला जोडीदार होता. ठणठण, ठसठस, चुरचुर, कणकण, मळमळ. इंग्रजीत डॉक्टरांशी बोलताना माझी नेहमीच अडचण व्हायची. अंगात कसकस आहे हे इंग्रजीत सांगायचं तरी कसं? कोरियनमध्ये त्यासाठी सरळ शब्द निघाला, 'मोमसाल'. थकून, थंडीनं, दगदगीनं सगळं अंग मोडून येतं तो मोमसाल. तो शब्द शिकले त्या दिवशी मी हाल्मोनीला कितीतरी वेळ मराठी शब्द ऐकवत होते आणि ती एकेक शब्द आपल्या तोंडात घोळवून बघत होती. 'मळमळ' तिला फार आवडला.

आणखी एक गोष्ट तिनं आग्रहानं शिकवली. लहान मुलाला, बरोबरीच्याला, स्वतःला दुखतं तेव्हा 'आफायो'. वडीलधाऱ्यांना बरं नसलं तर 'प्योनछानुसेयो'. त्यांच्यासाठी क्रियापदच वेगळं, आदराचं. मी म्हटलं, मला इथं वडीलधारं कोण आहे? तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

तिचे सगळे उपाय मला पटले असं नाही. जेवण अंगावर आलं, पोटात अडल्यासारखं झालं की तिथली जुनी माणसं अंगठ्याच्या मुळाशी दोरा बांधतात आणि नखाजवळ सुई टोचून काळसर रक्ताचा थेंब काढतात. एकदा माझाही अंगठा तिनं असा टोचला. त्यानं अपचन बरं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याआधी तिनं बराच वेळ माझी पाठ चोळली होती, आणि परक्या देशात कुणी आपली पाठ चोळतंय याचं मोल मी त्या थेंबावरून ठरवू शकत नाही.

एकदा फोनवर मी कामठीच्या काकांना हे सगळं सांगत होते. काका सैन्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अगं, आपले डॉक्टर तिथं तुझ्या आधी जाऊन आलेत." मला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि मग मी वाचलं. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याचं ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स हे पथक कोरियन युद्धात, नोव्हेंबर १९५०मध्ये, बुसानला उतरलं. मार्च १९५१मध्ये त्यातल्या काही डॉक्टर-जवानांनी अमेरिकन सैनिकांबरोबर मुनसानजवळ विमानातून उड्या घेतल्या. युद्ध थांबल्यावर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते. युद्धाच्या वेळी हाल्मोनी दहा वर्षांची होती. तिला भारतीय डॉक्टर आठवत नव्हते. तिला आठवत होती ती भूक. पण मी हे सांगितल्यावर तिनं विचारलं, "आणि जखमी लोक त्यांना कुठं दुखतंय ते कसं सांगायचे?" मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नानंतर मी तिची शिकवणी जास्त मन लावून करू लागले हे खरं.

२०१८च्या शरद ऋतूत एका संध्याकाळी मी बाजारातून आले तेव्हा ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. चेहरा राखेसारखा. हात छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर. मी जवळ गेले तर म्हणाली, "छेहेन्नाब्वा." पोटात अडलंय वाटतं. सुई-दोरा आण म्हणाली.

इथं मला बाबांविषयी लिहावं लागेल. २०१३च्या मे महिन्यात, नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला त्याच आठवड्यात, माझे बाबा गेले. इतवारीतल्या दुकानातून दुपारी घरी आले, म्हणाले, गॅस झालेत. आईनं ओवा दिला. घाम फुटला होता, तर सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. कैरीचं पन्हं दिलं, कांदा किसून तळपायाला चोळला. डाव्या खांद्यात कळ येते असं ते एकदा बोलले, पण तेही कूस बदलता बदलता, उसासा टाकल्यासारखं. कुणी विचारलं की 'काही नाही, बरं वाटेल आता'. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवशी घरात कुणाचंही चुकलं असं मला वाटत नाही. जे केलं ते प्रत्येकानं मायेनंच केलं. पण बाबांना कुठं दुखतंय, कधीपासून, कसं, असं ओळीनं कुणी विचारलं नव्हतं, कारण तसं विचारायची आमच्या घरात रीतच नव्हती.

त्या पायरीवर हाल्मोनीनं पोटात अडलंय म्हटलं आणि मला ओव्याचा वास आला. मी सुई आणायला गेले नाही. तिनंच शिकवलेले प्रश्न, तिनं शिकवले त्याच क्रमानं मी तिला विचारले. कुठं? छातीपासून वर जबड्यापर्यंत. कधीपासून? दुपारी कपडे वाळत घातल्यापासून. कसं? ती थांबली, मग मूठ आवळून दाखवली. कपाळाला हात लावला तर गार घाम.

११९ला, तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकाला, फोन लावला. समोरच्या मुलीनं आधी विचारलं, कुठून बोलताय? तो पत्ता मी एकदाही न अडखळता सांगितला. मग म्हटलं, हाल्मोनी प्योनछानुसेयो. पुढे व्याकरण सुटलं, पण छाती, जबडा, गार घाम, दुपारपासून, हे शब्द जागेवर आले. ती मुलगी शांतपणे विचारत होती: श्वास नीट आहे का, बोलतायत का, एकट्या राहतात का. गाडी लवकर आली. तिथं ११९च्या अॅम्ब्युलन्सचे पैसे पडत नाहीत, हेही मला त्या दिवशीच कळलं. चोननाम विद्यापीठाच्या इस्पितळात तिच्या हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी रात्रीच उघडली. मी त्यात काही केलं असं मला कधी वाटलं नाही. फोनवरची मुलगी, गाडीवरचे लोक, डॉक्टर, आणि सगळ्यात आधी ती स्वतः; दोन वर्षांपूर्वी जिनं मला पत्ता पाठ करायला लावला तिनं आपला बचाव तेव्हाच करून ठेवला होता. मी तिचेच शब्द तिला परत केले.

सोलहून तिची मुलगी रात्री उशिरा पोचली. कॉरिडॉरमध्ये तिनं माझे दोन्ही हात धरले आणि वाकून इतका वेळ नमस्कार केला की मला कुठं बघावं कळेना. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की उलट मीच तुमच्या आईची देणेकरी आहे. पण 'ऋण' या अर्थाचा शब्द मला तेव्हा येत नव्हता.

नंतरची दोन वर्षं लवकर गेली. २०२०च्या फेब्रुवारीत देगू शहरात करोना पसरला आणि रोज मोबाइलवर सूचना यायला लागल्या. ताप, कोरडा खोकला, घसा दुखणं. त्या सूचना मी आता न अडता वाचत होते आणि आमच्या मराठी मंडळींना समजावून सांगत होते. मार्चपासून मास्क औषधाच्या दुकानातून माणशी आठवड्याला दोनच मिळायचे, तेही जन्मवर्षाच्या शेवटच्या आकड्यानुसार ठरलेल्या दिवशी. हाल्मोनीचा सोमवार, माझा बुधवार. सोमवारी मी तिच्यासोबत रांगेत उभी राहायची, बुधवारी ती माझ्यासोबत. नको म्हटलं तरी यायची.

२०२१मध्ये आम्ही नागपूरला परतलो. मुलगा आता मोठा झाला होता, नवऱ्याला इथल्या एका महाविद्यालयात जागा मिळाली. मी पुन्हा शाळेत लागले आणि घरी शनिवारी संध्याकाळी कोरियन शिकवायला सुरुवात केली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव आलं आहे, पण मुली काही त्या धोरणामुळे येत नाहीत. त्या बीटीएसची गाणी ऐकून, मालिका पाहून येतात. त्या प्रेमाचा मी कधीही अनादर केलेला नाही. भाषेकडे येण्याची ती एक उत्तम वाट आहे. त्यांना पहिल्या दिवशी आपलं नाव सांगायचं असतं, आवडता कलाकार सांगायचा असतो. मी त्यांच्याकडून पहिल्या महिन्यात पत्ता पाठ करून घेते आणि मग कुठं, कधीपासून, कसं. काही मुलींना सुरुवातीला हे नीरस वाटतं. वाटू दे.

त्यांतली एक मुलगी डॉक्टर झाली. गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी तिचा फोन आला. ताडोबा पाहून परतलेलं एक वयस्कर कोरियन जोडपं तिच्या दवाखान्यात होतं. उन्हानं बाईंची तब्येत बिघडली होती, सोबतचा गाडीवाला फक्त हिंदी बोलणारा, आणि बाई प्रत्येक प्रश्नाला हात हलवून एकच उत्तर देत होत्या. "मॅम, त्या ख्वेनछानायोच म्हणतायत." मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लाव. आदराचं क्रियापद वापरून मी विचारलं. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही, आणि मग सगळं एकदम आलं. डोकं गरगरतंय, सकाळपासून लघवी झालेली नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, उल्लोंग-उल्लोंग होतंय, आणि त्या रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घेतात तेही. मी ते वाक्यागणिक मराठीत सांगत गेले. उपचार माझ्या विद्यार्थिनीनं केले, छान केले. संध्याकाळी त्या बाई फोनवर पुन्हा बोलल्या आणि विचारलं, तुमच्या बोलण्यात चोल्ला प्रांताची लकब कशी? ग्वांगजू चोल्लाकडचं. ती लकब हाल्मोनीची आहे.

आईला विचारायलाही मी शिकले. आई अजून 'काही नाही'च म्हणते, पण मी थांबते. आता तिला माहीत झालंय की मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठणार नाही. परवा स्वतःहून म्हणाली, "उजव्या बरगडीखाली दुखते, परवापासून, तेलकट खाल्लं की जास्त." सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. मी हे हाल्मोनीच्या मुलीला कळवलं. हाल्मोनी आता देखभाल-इस्पितळात असते, माणसं ओळखायला तिला वेळ लागतो. मुलीनं माझा निरोप वाचून दाखवल्यावर तिनं विचारलं म्हणे, भारतातली ती, पत्ता चुकणारी?

विदर्भातून कोरियाला शिकायला, संशोधनाला जाणारी मुलं आता वाढतायत. आईबाप पापड, लोणची, गरम कपडे भरून देतात; ते जरूर द्यावं. सोबत एक कागद द्या. मार्च २०२१पासून परदेशी विद्यार्थ्यांना तिथला राष्ट्रीय आरोग्य विमा आपोआप लागू होतो, त्याचे हप्ते थकवू नका असं मुलांना सांगा. परदेशी लोकांसाठी १३४५ क्रमांकावर इंग्रजीतूनही मदत मिळते, तो लिहा. जीवावरचं काही असेल तर ११९. तिथं गरज पडल्यास दुभाष्याला फोनवर जोडून घेतात. कागदावर तीन वाक्यं देवनागरीत लिहा: 'मोमी आन जोआयो', मला बरं वाटत नाही, 'योगिगा आफायो', इथं दुखतंय, 'ओजेबुथो', कालपासून. ज्यांना हवं असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे यावं, या धड्याची मी फी घेत नाही. आणि मुलांना राहायची जागा मिळाल्याबरोबर पहिल्याच दिवशी तिथला पत्ता कोरियनमध्ये पाठ करायला लावा.